मारक्याची चिठ्ठी

माणसं सापाला भितात, भुताला भितात, काही काही तर बायकोला भितात. मी मामाच्या घरी राहायला गेलो तेव्हा बोटभर कागदाला भ्यायचो. मिसरूड फुटलेलं, अंगानं चांगला आडदांड, भाताचं पोतं एका दमात पाठीवर घेणारा, आणि कुणी चिठ्ठीची घडी हातात दिली की पळायची वाट शोधणारा. खोटं नाय सांगत, एकदा तर मी चिठ्ठी हातात पडायच्या आधीच शेताकडं पळालो होतो आणि मामीनं मला पोट बिघडलं म्हणून सुंठीचा काढा पाजला होता. तो काढा मी मुकाट्यानं प्यायलो. खरं सांगण्यापेक्षा सुंठ परवडली.

आमचं घर पळसदरीला. शाळेत मी दोन वर्षं गेलो, त्यातलं दीड वर्ष म्हशीमागं गेलो. राहिलेल्या सहा महिन्यांत मास्तरांनी मला जे शिकवलं ते म्हशीनं विसरायला लावलं. पण आई लई हुशार. तिचा भाऊ, म्हंजे माझा मामा, रसायनीला एका केमिकलच्या कंपनीत कामाला. आईनं त्याला सांगून टाकलं, "बारक्या सातवी झालाय, त्याला तुझ्या कंपनीत चिकटव." मी म्हणलं, "आई, सातवी कुठं?" तर म्हणली, "गप रं. सातवी काय कपाळावर दिसते?" आणि माझे दोन सदरे आणि सुक्या बोंबलाचं गाठोडं देऊन मला मामाकडं धाडलं. सातवी पास नसलेला नवा माणूस आता गोडाऊनला घेत नव्हते. मामानं बहिणीवर विश्वास ठेवला आणि पुढं जाऊन साहेबापाशी शब्द टाकला. म्हंजे एक खोटं आईचं, ते मामाच्या तोंडून गेलं, आणि त्याच्यावर बसलेलो मी.

मामाचं गाव पाताळगंगेच्या काठाला, खालापूरकडं. घरात घड्याळ होतं पण ते बंद. सगळा कारभार भोंग्यावर. सकाळचा भोंगा झाला की मामी चुलीवर भाकरीचा तवा टाकायची, दुपारचा झाला की भात वेळायची, संध्याकाळचा झाला की दारात येऊन उभी राहायची, मामाची सायकल दिसेपर्यंत. वारा तिकडून आला की घरात एक वास यायचा, कच्च्या बोरासारखा, नाकात चुरचुरणारा. मामी म्हणायची, "बघ, तुझ्या मामाचा वास आला." मामा बोलायला एकदम कमी. खाकी कपडे, पायात कंपनीचे जड बूट. आला की ते बूट दाराबाहेर ठेवायचा, साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचा आणि मंगच पोरांना हात लावायचा. अकरा वर्षं गोडाऊनला काढलेली. थोरला सुरेश माझ्याच वयाचा, दहावी होऊन कॉलेजात. त्याच्या पाठची शैला, आठवीत, पण जीभ वकिलाची. आणि मामीच्या हातची तांदळाची भाकरी. अशी मऊ की घडी करून खिशात ठेवावी. वालाचं बिरडं आणि भाकरी असं ताट पुढं आलं की मला रडू यायचं, कारण वाटायचं, हे सातवी पासवाल्याचं ताट हाय आणि आपण चोरून जेवतोय.

आता तो खेळ. दर रविवारी जेवणं झाली की ओट्यावर सगळी गोल बसायची. मामी, सुरेश, शैला, शैलाच्या शेजारच्या दोन मैत्रिणी आणि मी. मामा काय बसायचा नाय, त्याला बरोबर तेव्हाच कुंपण नायतर सायकल दिसायची. शैला वहीचं पान फाडून चिठ्ठ्या करायची. एका चिठ्ठीवर मारक्या, मारका बैल असतो ना, तसा. एकावर फौजदार. बाकी सगळ्यांवर गावकरी. चिठ्ठ्या हलवून टाकायच्या, ज्याला जी येईल ती त्यानं गुपचूप वाचायची आणि मुठीत दाबायची. मंग मारक्यानं कुणाला दिसणार नाय असं एकेकाला मारत जायचं आणि फौजदारानं त्याला ओळखून धरायचा. दुसरीकडं म्हणे डोळा मारून मारतात. पण मामी म्हणली, "माज्या घरात पोरींसमोर डोळा मारायचा नाय." म्हणून आमच्यात जिभेचं टोक दावायचं. ज्याला टोक दिसलं त्यानं "गेलो" म्हणून मान टाकायची. चुकीचा माणूस धरला तर फौजदारानं सगळी भांडी घासायची.

चिठ्ठी ज्याची त्यानं वाचायची. शेजारच्याला दाखवली तर खेळ मेला. म्हंजे बघा, जगात एवढी कामं हायत जिथं माणूस दुसऱ्याला "जरा वाच रं, चष्मा घरी राहिला" म्हणू शकतो, आणि हे एकच असं की तोंड उघडता येत नाय.

पहिल्या रविवारी मी देवाचं नाव घेऊन ढिम्म बसलो, आणि देवानं मला गावकरीच दिला. खेळ संपल्यावर सगळ्यांनी चिठ्ठ्या मधे टाकल्या आणि मी म्हैस चारा बघते तसा बघत बसलो. त्या अक्षरांची मी चित्रं करून ठेवली. ज्याच्या डोक्यावर दोन शिंगं तो फौजदार. ज्याच्या शेवटाला छत्रीचा वाकडा दांडा तो गावकरी. आणि ज्याच्या डोक्यावर काहीच नाय, बोडका, तो मारक्या. एवढ्यावर मी तीन महिने काढले. एकदा फौजदार झालो आणि मामीला धरली. भांडी घासली. एकदा मारक्या झालो तर जीभ बाहेर काढली ती आत घ्यायची विसरलो. सगळे हसून लोळले. पण कुणाला कळलं नाय. शैला लिवायची एकसारखं, छापल्यावाणी, आणि माझी शिंगं, छत्री, बोडका जागच्या जागी असायची. तरी प्रत्येक वेळी घडी उघडताना वाटायचं, आज चित्र ओळखीचं निघालं नाय तर?

आता आमच्या पळसदरीला धरणाजवळ शनिवार-रविवार मुंबईची पोरं येतात, बंगले भाड्यानं घेतात. मी त्यांचं जेवण बघतो. ती पण हाच खेळ खेळतात, फक्त चिठ्ठ्या नाय, फोन. फोन या हातातून त्या हातात फिरतो, ज्याच्या हातात जातो त्याला त्याचं सोंग दावतो आणि मंग झाकतो. त्यांनी मला सांगितलं, काका, यात कुणी लबाडी करूच शकत नाय. मी बघितलं तर आत सुऱ्याचं चित्र, पोलिसाचं चित्र. मी तिथंच तांदूळ निवडत बसलो होतो, माझ्या हातून ताट सुटलं. माझी शिंगं आणि छत्री ह्यांनी फोनात घातली होती. असो. हे लिवायला मला एका पानाला दोन दिवस लागतात, त्यात मी असा वाट सोडून फिरतो.

तर तो रविवार. थंडी पडली होती, वालाच्या शेंगा भरल्या होत्या. शनिवारी मामा कामावरून आला तो म्हणला, "उद्या इस्माईलभाई येतायत. खळ्यावर मडक्यातली पोपटी लावू. पोरगा बघतो म्हणले." इस्माईलभाई म्हंजे त्याचे सुपरवायझर. खालापूरकडचेच, आमच्यासारखंच बोलणारे, पण कंपनीत त्यांचा असा दरारा की मामा घरात पण त्यांचं नाव घेताना सरळ बसायचा. मामी मला म्हणली, "बारक्या, नीट बोल हां. उगाच विदूषकासारखं करू नको." त्या रात्री मला झोप नाय. मला वाटलं ते पेपर घेऊन येतील आणि म्हणतील वाच. मी ठरवून ठेवलं, तसं झालं तर चक्कर येऊन पडायचं. पडायची जागा पण बघून ठेवली, पेंढ्याजवळची, लागू नये म्हणून.

दुपारी ते स्कूटरवरून आले. उंच, पांढरी दाढी नीट कापलेली, खिशाला पेन. कोंबडी त्यांनी स्वतःच कापून, साफ करून आणली होती. खळ्यावर मामानं मडकं भरलं. तळाला भांबुर्ड्याचा पाला, वर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, मधे केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, बटाटे, अंडी, परत शेंगा, परत पाला. मडकं उपडं ठेवलं, भोवती पेंढा आणि गोवऱ्या रचल्या आणि पेटवलं. आता अर्धा-पाऊण तास थांबायचं. मी मनात म्हणलं, पेपर नाय आणला, वाचलो.

तेवढ्यात शैला म्हणली, "चाचा, तोवर मारक्या खेळायचा?"

"तो काय असतो गं?"

शैलानं सगळं समजावलं. नेहमीचे आम्ही सहा, आणि सातवे इस्माईलभाई मांडी घालून बसले, एकदम खूश. मामा म्हणला, "मी जाळ बघतो," आणि पेंढ्याची काडी घेऊन आगीपाशी गेला. शैला वही काढायला लागली तसा सुरेश उसळला.

"हिला लिवून देऊ नका चाचा. ही पेन दाबून लिवती, मागून उमटतं. आणि मारक्याच्या कोपऱ्याला नख लावती."

"मी? नख? तुलाच ओळखता येत नाय म्हणून रडतो!"

"मंग दर वेळी तू मारक्याला पहिल्या फटक्यात कशी धरतीस?"

"कारण तुजी अक्कल तोंडावर दिसती."

मामी म्हणली, "अगं, पाव्हण्यांसमोर!" पण इस्माईलभाईंनी हात वर केला. म्हणाले, "थांबा. पोरगा बरोबर बोलतोय. आमच्याकडं सॅम्पलची बाटली असते ना, भरणारा वेगळा, सील करणारा वेगळा, तपासणारा वेगळा. एकाच्याच हातात सगळं दिलं की राजा हरिश्चंद्र पण डगमगेल." त्यांनी खिशातली डायरी काढली. पान फाडलं, पट्टी लावून सात सारखे तुकडे केले. "मी लिवतो. वहिनी, तुमी घडी घाला. सुरेश, तू बाबांच्या टोपीत घालून हलव. उचलताना सगळ्यात लहान पहिली, मी शेवटी. आता बोला, कुणाला काय शंका?"

शंका कुणालाच नव्हती. मला होती, पण ती सांगण्यासारखी नव्हती. मी बघत होतो ते त्यांच्या हाताकडं. ते लिवत होते भरभर, पेन न उचलता, आडव्या रेघेचा पत्ताच नाय, गोगलगाय ओल्या मातीवरून गेल्यासारखं.

टोपी आली. मी चिठ्ठी उचलली. उघडली. शिंगं नाय, छत्री नाय. बोडकं म्हणावं तर सगळंच बोडकं. एक लांब वळवळ आणि शेवटी एक गाठ. मी इतका वेळ बघत राहिलो की सुरेश म्हणला, "बारक्या, पाठ करतो का काय?" मी झटकन मूठ मिटली. घाम असा फुटला की कागद भिजला.

डोकं चालवलं. सातात एक मारक्या, एक फौजदार, पाच गावकरी. पाच! मंग आपण गावकरीच असणार. गावकऱ्याला काय करायचं नसतं. गप बसायचं, मारलं तर मरायचं. आयुष्यभर तेच केलंय, आज पण करू. मी चेहरा गरीब करून बसलो.

बसलो. सगळे बसले. गोवऱ्या तडतडत होत्या, ओव्याचा वास सुटला होता, आणि सात माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघत होती. कुणी मरेना. शैलाची मैत्रीण म्हणली, "मारा की कुणीतरी, पाय आखडले." मामी सगळ्यांकडं बघून हसायची, मला वाटायचं हीच मारक्या. सुरेशनं नाक खाजवलं, मी मरायच्या तयारीला लागलो. काय नाय. आणि मंग एकदम, पाटाचं पाणी पायाला लागावं तसं, मला गार गार कळायला लागलं. सगळे वाट बघतायत. ज्याची वाट बघतायत तो काहीच करत नाय. आणि काहीच न करणारा इथं एकच जण हाय.

मारक्या मीच असणार. का नसणार? आणि असलो तर जीभ काढायची? आणि नसलो तर? गावकऱ्यानं जीभ काढली तर विचारतील, चिठ्ठीत काय लिवलंय तुज्या? माझी जीभ टाळ्याला अशी चिकटली होती की काढायची म्हणली तरी निघाली नसती.

"चाचा," सुरेश म्हणला, "तुमी मारक्या लिवायलाच विसरला."

इस्माईलभाईंचं हसू गेलं. "मी विसरलो? सात लिवल्या, एक मारक्या, एक फौजदार. मी मोजून लिवतो. उघडा सगळ्यांनी. एकेक करून मधे टाका."

पेंढ्याजवळची जागा लांब होती. चक्कर येऊन पडायला पण दहा पावलं चालावं लागलं असतं. शैलानं टाकली, फौजदार. मैत्रिणींनी टाकल्या. मामीनं. सुरेशनं. इस्माईलभाईंनी स्वतःची टाकली. मी काय केलं? तोंडात घातली. चिठ्ठी. घाम पुसल्यासारखा हात तोंडावरून फिरवला आणि कागद आत. चावायला वेळ नव्हता, आख्खी गिळली. ती नरड्यात आडवी झाली, डोळ्यांत पाणी आलं, पण गेली.

इस्माईलभाई मोजत होते. "फौजदार एक. गावकरी... पाच. सहा झाल्या." आणि मान वर करून माझ्याकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. आता चिठ्ठी वाचायची गरजच नव्हती. उरलेली काय होती ते म्हशीला पण कळलं असतं.

"अरे, मारक्या तूच!" सुरेश ओरडला. "मारला का नाय कुणाला? आणि चिठ्ठी कुठाय?"

माझी ती सवयच. जीव जायला लागला की तोंड आपोआप चालतं. मी हात जोडून म्हणलं, "चाचा पहिल्यांदा घरी आलेत. मडकं अजून जाळावर हाय. उपाशी माणसाला कसा मारू? म्हणलं पाप नको, मीच चिठ्ठी खाऊन टाकली."

इस्माईलभाई असे हसले की त्यांना ठसका लागला. मामीनं पाणी दिलं. डोळे पुसत मामाला म्हणाले, "जनूभाऊ, पोरगं दिलदार हाय रे. जीव राखणारा माणूस पायजे आपल्याला. उद्यापासून आण याला." जाळापाशी उभा मामा पहिल्यांदा हसला. मामीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. माझी नोकरी लागली होती, कागद खाऊन.

मामानं मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मारला, चर्र झालं. मडकं फोडलं, शेंगा पानावर ओतल्या, वाफ अंगावर आली. सगळे तुटून पडले. मी पण खात होतो, शेंगा सोलून दाणे तोंडात टाकत होतो. इस्माईलभाई मला कामाचं सांगायला लागले. "काही अवघड नाय. पिंपं असतात. ज्या टाकीचं पिंप त्या टाकीला द्यायचं. फक्त नाव वाचून. रंगावर जायचं नाय, आकारावर जायचं नाय. दोन पिंपं जुळ्या भावासारखी दिसतात, आत एकात पाण्यासारखं आणि दुसऱ्यात पण पाण्यासारखं. पण एक दुसऱ्यात गेलं ना..." त्यांनी बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी चकचकीत, एक पण केस नाय, सोललेल्या वालासारखी. "मी तुझ्याएवढा होतो. दुसरीकडं कामाला. मला एवढंच झालं. माझ्या बाजूला जो होता, त्याची आई अजून जिवंत हाय."

माझ्या तोंडात दाणा होता. तो मला गिळता येईना. कागद गिळला, दाणा जाईना. मी एवढंच बघत होतो की आत्ता तासाभरापूर्वी मी मारक्या होतो आणि मला माहीत नव्हतं. सगळ्यांच्या मधे बसून, गरीब तोंड करून.

इस्माईलभाई गेले. ऊन कललं. मामा खळ्यावर राख भरत होता, मी त्याला घमेलं धरून देत होतो. मामा शीळ घालत होता. मी त्याला कधी शीळ घालताना ऐकलं नव्हतं. मी म्हणलं, "मामा, मला उद्या नाय यायचं."

"का रं?"

"मला वाचता येत नाय. सातवी नाय, दुसरी पण नाय. ती चिठ्ठी मला कळलीच नव्हती."

मी मान खाली घालून गाल पुढं केला. मामा मारेल असं मी धरूनच चाललो होतो. मार बसला नाय. मी डोळे उघडले तर मामा घराकडं बघत होता, कुणी ऐकतंय का म्हणून. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"हळू बोल," तो म्हणला. "मंग एवढे महिने खेळलास कसा?"

मी शिंगांचं, छत्रीचं सगळं सांगितलं. मामा ऐकत राहिला. मंग खाली बसला, राखेतच, आणि एवढ्या बारीक आवाजात बोलला की मला वाकावं लागलं. "मंग येऊ शकतोस तू. मी पण तसंच करतो. एकाच्या नावाला खाली शेपूट हाय, ते दोन नंबर टाकीला. एकाच्या मधे दोन गोल हायत, त्याला हात लावायचा नाय. मी दावतो तुला. अकरा वर्षं झाली, एकदा पण चुकलो नाय."

आभाळ, खळं, फुटकं मडकं, सगळं गरगर फिरलं. हा माणूस रोज साबणानं हात धुवायचा मंग पोरांना जवळ घ्यायचा.

"सुरेशला, शैलाला माहीत हाय?"

"वेडा का? तुझ्या मामीला तेवढं. पोरांना कळलं तर ओट्यावर तोंड काय दाखवू?"

मी गप बसायला पायजे होतं. मला गप बसता येत नाय हाच रोग हाय. मी म्हणलं, "मामा, शैलानं लिवलं तेव्हा मला सगळं येत होतं. आज लिवणारा बदलला, आणि मी मारक्या झालो तरी मला कळलं नाय. तुझ्याकडं लिवणारा बदलला तर?"

मामानं राखेचं घमेलं उचललं आणि तो गेला.

सोमवारी मामानं साहेबांना सांगितलं की पोराला ताप भरलाय. ताप नव्हता, पण असता तर बरं झालं असतं, निदान अंथरुणात पडून राहता आलं असतं. तो आठवडा मी भोंग्यावर काढला. सकाळचा भोंगा झाला की मामाची सायकल जायची आणि मी कंपनीकडं कान लावून बसायचो. कुठं जोरात काही वाजलं, टेंपोचं टायर फुटलं तरी मी दारात. मामी म्हणायची, "काय रं, तुला कंपनीत नाय जायचं आणि भोंग्याची एवढी ओढ?" संध्याकाळी मामीच्या शेजारी मी पण उभा राहायचो. सायकल दिसली की मी मनातल्या मनात मामाची बोटं मोजायचो. इस्माईलभाईंना जाऊन सांगावं असं दहादा वाटलं. सांगितलं तर मामाची नोकरी जाणार. नाय सांगितलं तर कुणाची तरी आई मागं उरणार. मी एकदा खालापूरच्या रस्त्याला लागलो पण होतो, अर्ध्यातून परत आलो. भित्र्या माणसाला दोन्हीकडून भीती घातली की तो मधेच उभा राहतो, मी तसा एका आंब्याखाली अर्धा दिवस उभा होतो.

गुरुवारी मामा आला तो हात धुवायला विसरला. ओट्यावर बसला. मला जवळ बोलावलं. "आज नवा माल आला," म्हणला, "दुसरीकडून. नाव दुसऱ्याच हातानं काढलेलं. आधी पण यायचा असा. मी कुणाच्या तरी मागं मागं राहून काम उरकायचो. आज दोन पिंपांसमोर उभा राहिलो आणि हात उचलंना. तुजं ते बोलणं कानात. संडासात जाऊन बसलो रं बारक्या, भोंगा होईपर्यंत. अकरा वर्षांत मला कधी भ्या वाटलं नव्हतं. तू मला भ्या लावलंस." त्याच्या आवाजात राग होता का काय होतं, मला आजवर समजलं नाय. मी फक्त त्याचे बूट उचलून बाहेर ठेवले.

रविवारी जेवणं झाली. ओट्यावर सगळी गोल बसली. शैला चिठ्ठ्या करायला लागली, सुरेश परत नखाचं भांडण काढायला लागला. मामा कुंपणाकडं गेला नाय. आला आणि मधे मांडी घालून बसला. पोरं बघतच राहिली. "बाबा, तुमी?" शैलाला इतका आनंद झाला की तिनं टोपी आधी त्याच्यापुढं धरली.

मामानं चिठ्ठी उचलली, घडी उघडली. बघितली. मंग हात लांब करून ती शैलापुढं धरली.

"हे वाच."

"बाबा! दाखवायची नसते!" ती हसायला लागली.

"अहो बाबा, खेळ मोडला ना," सुरेश म्हणला.

"वाच गं."

मामीनं पदर तोंडाला लावला. शैलाचं हसू हळूहळू गेलं. तिनं बापाकडं बघितलं, कागदाकडं बघितलं, परत बापाकडं. सुरेश काहीतरी बोलायला गेला, त्याला मैत्रिणींसमोरच मामीनं चिमटा काढला. मला वाटत होतं आता हा उठेल आणि सायकल घेऊन निघून जाईल.

"गावकरी," शैला म्हणली, अगदी बारीक आवाजात.

"हां." मामानं चिठ्ठी ओट्यावर पसरली, तळव्यानं सपाट केली. "आता ह्याच्यातलं पहिलं अक्षर कुठलं, ते दाव."

शैला सरकून त्याच्याजवळ बसली आणि तिनं बोट ठेवलं. मामानं तिच्या बोटाशेजारी आपलं जाडजूड, चिरा पडलेलं बोट ठेवलं. मी माझी चिठ्ठी घेऊन उठलो आणि मामाच्या मागं नंबर लावला.